टरेट खिळ्यावर फिरत नाही

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात नातवाच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. पुठ्ठ्याचे तीन रणगाडे मांडले होते. तिन्हींची टरेट, म्हणजे तोफेसकट फिरणारा वरचा भाग, मधोमध टोचलेल्या खिळ्यावर फिरत होती. त्यातला एक रणगाडा आमच्या नातवाचा. परीक्षकांनी बोटानं फिरवून पाहिलं आणि गुण दिले. मी ई.एम.ई.मध्ये, म्हणजे लष्कराची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, टी-७२ रणगाड्यांच्या टरेटवर काम केलेला माणूस. पोरांच्या डोक्यात तो खिळा तसाच राहू नये, म्हणून हे पत्र.

खऱ्या टरेटच्या मधोमध माणसं बसतात. तोफेच्या डावीकडे गनर, उजवीकडे कमांडर आणि त्यांच्या पायांखाली २२ फैरींचा दारूगोळा ठेवलेलं गोल फिरतं चाक. तिथं जात्यासारखा खुंटा घालायला जागाच नाही. म्हणून सगळं वजन कडेवर पेललेलं असतं. रणगाड्याच्या पाठीला दोन मीटरहून थोडं मोठं गोल भोक असतं. त्याच्या काठावर आतून दाते पाडलेलं पोलादी कडं पक्कं बसवतात. वरचं कडं टरेटचं, आणि दोन्हींच्या मध्ये छर्ऱ्यांची रांग. नाल्यातला गाळ काढणारं पोकलेन सगळ्यांनी पाहिलंय. त्याचं वरचं धूड पट्ट्यांवर गरकन फिरतं, तेही अशाच कड्यावर.

फिरवणारी मोटर टरेटला बसवलेली असते. टी-७२ मध्ये ती तेलाच्या दाबावर चालते. तिचं छोटं दातेरी चाक खालच्या कड्याच्या दात्यांवरून चालत जातं आणि टरेटला बरोबर ओढून नेतं. मोटर बंद पडली, तर गनर हातानं चाक फिरवून तेच काम करतो. बॅटऱ्या खाली, यंत्रं वर. साधी वायर जोडली, तर दोन फेऱ्यांत पीळ पडून तुटेल. म्हणून तिथं स्लिप रिंग असते, धातूच्या कड्यांवर घासत राहणारे ब्रश.

आमचा खरा जीव अडकायचा तो दात्यांच्या ढिलेपणात. मध्यापासून कडं साधारण एक मीटरवर. तिथं १ मिलिमीटर ढिलाई असली, की २ किलोमीटरवर नेम २ मीटरनं चुकतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, गिअर कापणाऱ्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. पोरांना मात्र ते कुणी सांगत नाही.

खुंट्यावरची टरेट कधी झालीच नाही असं नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६२ साली लढलेल्या ‘मॉनिटर’ या लोखंडी जहाजाची सुमारे १२० टनांची टरेट मधल्या उभ्या दांड्यावर वाफेनं फिरायची. फिरवण्याआधी पाचर मारून ती उचलावी लागे, आणि एकदा सुटली की हव्या त्या जागी थांबवणं अवघड. पुढच्या मोठ्या युद्धनौकांनी टरेटच्या कडेखाली रोलर घातले. त्या टरेट नुसत्या स्वतःच्या वजनानं जागेवर बसत. १९४१ मध्ये जर्मनांची ‘बिस्मार्क’ उलटली, तेव्हा तिच्या मोठ्या टरेट निखळून समुद्रात पडल्या. रणगाडा खाचखळग्यांतून उडत जातो, त्याला असं चालत नाही. वरचं कडं खालच्यात अडकवूनच ठेवावं लागतं.

कोल्हापुरातल्या शाळांना माझं सांगणं आहे, की विज्ञानाच्या शिक्षकांनी पोरांना एकदा उद्यमनगरात न्यावं आणि दाते कसे पडतात ते दाखवावं. सहल काढायचीच असेल, तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय आहे. आणि परीक्षकांनी मॉडेल फिरतं का एवढंच न बघता ते कशावर फिरतं, हेही विचारावं.

नातवानं खिळा उपटलाय. डब्याची दोन झाकणं आणि सायकलचे छर्रे घेऊन आम्ही दोघं बसलोय. वरचं झाकण अजून एका बाजूला कलतं. छर्रे कमी पडलेत, उद्या सायकलवाल्याकडून आणखी आणायचेत.

आपला,
एक निवृत्त हवालदार (ई.एम.ई.), कोल्हापूर