झंस्कारच्या आधी कुंडलिका

सांगली

प्रिय संदीप,
सप्रेम नमस्कार.

लडाखला झंस्कार नदीत राफ्टिंग करायला यायचं तू नक्की केलंस, हे वाचून लगेच नकाशा पसरून बसलो. पदुमजवळ स्तोद आणि लुंगनाक एकत्र येतात, तिथून झंस्कार सुरू होते ती निमूला सिंधूला मिळेपर्यंत. मधल्या घळीसाठीच तर आपल्याला जायचंय.

पण रजा कमी म्हणून लेहला उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी पुढं निघायचं, हे मला मान्य नाही. आपली सांगली 550 मीटरवर, लेह 3500. विरळ हवेत वल्ही मारायची आहेत. लेहला दोन-तीन दिवस नुसतं राहायचंच. रजा मिळत नसेल तर पुढच्या वर्षी जाऊ.

कृष्णेत वाढलो, पोहणं येतं, असं लिहितोस. येतंच. ओढीत सापडलं तर तिरकं पोहत काठ गाठायचा, हे आपण विष्णू घाटावर शिकलो. पण ते खोल पाण्याचं शहाणपण. दगडांवरून आपटत जाणाऱ्या खळाळात आधी उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला, बोटं पाण्याच्या वर. उभं राहायला जायचंच नाही. पाणी कमरेएवढं असलं तरी पाय दोन दगडांत अडकला की मागून येणारा लोट माणसाला पालथं दाबून धरतो. आडव्या पडलेल्या झाडापासूनही लांब राहायचं. फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो. शिवाय ते बर्फाचं पाणी. अंगाला लागताच धाप लागते, थोड्याच वेळात बोटांत दोरी धरवत नाही. अंग गरम ठेवणाऱ्या वेटसूटशिवाय उतरायचं नाही.

म्हणून आधी रायगड जिल्ह्यातलं कोलाड. भिऱ्याच्या वीजघरातून सोडलेलं पाणी सकाळी कुंडलिकेत येतं, त्यावरच राफ्ट चालतात; त्यामुळं आदल्या रात्रीच मुक्कामाला जाऊ. खळाळ दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे, म्हणजे सोपे ते मध्यम, शिकायला चांगले. गाइडला विचारून, तो सांगेल त्या जागी मुद्दाम पाण्यात उतरू आणि फेकलेली दोरी पकडायची सवय करू. दोरी छातीशी धरायची, मनगटाला कधीच गुंडाळायची नाही.

आता निमू-पदुम रस्ता झालाय, मग भीती कसली, असं तू विचारतोस. रस्ता वर कड्यात कोरलेला, आपण खाली पाण्यात. पहिली मदत आपल्याच राफ्टमधल्या माणसांची. आणि इथं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी 40 फुटांना गेलं की इशारा, 45 ला धोका, असं आपल्याला आधी कळतं. झंस्कारला मात्र दिवसभराच्या उन्हानं बर्फ वितळून पाणी चढतं, म्हणून तंबू काठच्या वाळूत नको, उंचावर ठोकायचा.

काकूंना अजून सांगितलं नाहीस, हे मात्र बरं नाही. 2019 च्या पुरात ब्रह्मनाळला होडी उलटली, तेव्हापासून त्यांना नदीची धास्ती आहे आणि ती खरी आहे. चोरून जायचं नाही. मी रविवारी येतो, दोघं मिळून सांगू. लाइफ जॅकेट घेऊन येईन. पट्टे आवळून, खांद्याला धरून त्यांनाच वर ओढायला सांगू; हनुवटीपर्यंत सरकलं तर ते मापाचं नाही, दुसरं बघायचं.

कोलाडची तारीख कळव.

तुझाच,
विनायक