नाथसागरात जहाज आणाच, पण आधी जेट्टीचं अन् टाकीचं बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या हिवाळ्यात मायला घेऊन हुगळी नदीवर एका छोट्या क्रूझनं दोन दिवस फिरून आलो, तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय, आपल्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, असं जहाज का नाही. २०२३ च्या जानेवारीत वाराणसीहून दिब्रुगढला निघालेल्या गंगा विलासच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या असतील, ६२ मीटर लांब, १८ ऐसपैस खोल्या (सूट), ३६ प्रवासी, ५१ दिवसांचा प्रवास, स्पा अन् जिम पण. तेवढं आपल्याला नकोच. आमचं जहाज त्याच्या निम्मंही नव्हतं, खोलीत दोन कॉट, वर डेकवर प्लास्टिकच्या खुर्च्या अन् गरम चहा, बस.

पण मायचे गुडघे पार गेलेत, अन् तिथं बाथरूमपर्यंत भिंतीला धरायला स्टीलची दांडी होती, उंबऱ्याला पिवळा पट्टा मारलेला, ती रात्री एकटी उठून जाऊन आली, मला उठवलंसुद्धा नाही. घरी असं होत नाही हो. संडासातलं पाणी नदीत सोडत नव्हते, खाली टाकीत जमा करायचे अन् किनाऱ्याला लागल्यावर उपसून न्यायचे, हे मी खलाशाला मुद्दाम विचारून घेतलं.

अन् इकडं आमच्या भागातल्या एका तलावावर बोटीत बसलो तर लाइफ जॅकेटं कोपऱ्यात ओली पडलेली, माझ्या जॅकेटचं बक्कलच तुटलेलं. बोटवाला म्हणला, काही होत नाही काका, बसा. माझ्या मांडीवर नात होती, मी उतरलो.

जायकवाडीचं पाणी छत्रपती संभाजीनगर अन् जालना दोन्ही शहरं पितात, म्हणून टाकीचा विषय इथं सगळ्यात आधी यायला पाहिजे. शिवाय हे पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) येतात, तिथं डेकवर डीजे लावून पार्ट्या करायच्या असतील तर जहाज न आलेलंच बरं. कोचीच्या वॉटर मेट्रोच्या बोटी बॅटरीवर चालतात, आवाज नाही, पाण्यावर डिझेलचा तवंग नाही, तसलं बघा.

तिथली अजून एक गोष्ट घेण्यासारखी आहे, जेट्टी तरंगती आहे, पाणी वरखाली झालं की तीही वरखाली होते. आपल्याकडं तर ह्याच्याशिवाय जमणारच नाही, धरण १०२ टीएमसीचं असलं तरी दुष्काळात मृतसाठ्यावर येतं अन् पाणी काठापासून कुठल्या कुठं आत जातं. सिमेंटचा पक्का घाट बांधून मोकळं झालात तर मे महिन्यात मायसारख्या माणसाला जहाजापर्यंत भेगाळलेल्या गाळातून चालत जावं लागेल.

आपला,
एक वाचक, पैठण