नौदलातील संदेशवाहकांच्या आठवणी वेळीच ध्वनिमुद्रित व्हाव्यात

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी फेब्रुवारी महिना आला की १९४६ च्या नाविकांच्या उठावाची आठवण निघते आणि वृत्तपत्रांतून एखाददुसरा लेख येतो. निकृष्ट जेवण, गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवराळ भाषा, कॅसल बॅरॅक्सवरचा गोळीबार, नाविकांच्या पाठीशी उभे राहिल्याबद्दल मुंबईत प्राणास मुकलेले दोनशेहून अधिक नागरिक आणि त्यांतल्या परळच्या कमल दोंदे यांचा उल्लेख या लेखांत असतो, आणि तो असायलाच हवा. परंतु १८ फेब्रुवारीला ज्या तळावर या उठावाची ठिणगी पडली, तो कुलाब्याचा ‘तलवार’ हा तळ नौदलाचे सिग्नल प्रशिक्षण केंद्र होता, ही गोष्ट बहुतेक वेळा एका वाक्यात उरकली जाते. नौदलाच्या संदेशवहन शाखेत उमेदीची वर्षे काढलेला एक निवृत्त नौसैनिक या नात्याने मला त्या एका वाक्याविषयीच लिहायचे आहे.

‘तलवार’वरचे तरुण टेलिग्राफिस्ट (बिनतारी यंत्रावर संदेश देणारे-घेणारे) आणि सिग्नलमन (झेंडे व दिव्याने संदेश देणारे) होते. इतर शाखांतल्या नाविकांच्या मानाने त्यांचे शिक्षण जास्त झालेले असे, इंग्रजी त्यांना चांगले येत असे, आणि कोणत्या जहाजाला काय हुकूम सुटला हे बाकीच्यांच्या कानी जाण्याआधी त्यांच्या हाताखालून गेलेले असे. तळावर ‘जय हिंद’ आणि ‘क्विट इंडिया’ अशा घोषणा रंगवल्याबद्दल फेब्रुवारीच्या सुरुवातीला पकडले गेलेले बलाईचंद दत्त टेलिग्राफिस्ट होते. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान हे लीडिंग सिग्नलमन, तर उपाध्यक्ष मदनसिंग हे पेटी ऑफिसर टेलिग्राफिस्ट होते. उठाव अवघ्या काही दिवसांत मुंबईहून कराचीपर्यंत आणि त्याही पलीकडे पसरला, ७८ जहाजे, २० किनारी तळ आणि सुमारे २०,००० नाविक त्यात उतरले, याचे एक मोठे कारण बिनतारी संदेशयंत्रणा याच मुलांच्या हातात होती हे आहे. जहाजांवरचे ब्रिटिश निशाण उतरवून काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट पक्ष यांचे झेंडे एकत्र चढवले गेले. तो निर्णय राजकीय होता, हे खरेच. पण डोलकाठीवर काय फडकते आहे ते दुरूनच वाचण्याची सवय असलेल्या माणसांना त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नसेल.

पुढे दत्त आणि मदनसिंग यांची नावे नौदलाने आपल्या टग बोटींना दिली, याचा आम्हा शाखेतल्या मंडळींना अभिमान वाटतो. परंतु ज्यांनी उठावाचा पहिला संदेश कानाला हेडफोन लावून दुसऱ्या कुठल्यातरी जहाजाच्या वायरलेस केबिनमध्ये उतरवून घेतला, त्यांचे काय? तो कागद त्यांनी आधी कोणाला दाखवला, अधिकाऱ्याला की शेजारच्या बंकवरच्या मित्राला? असे अनुभव माझ्या वाचनात फारच थोडे आले. ती पिढी आता जवळजवळ संपली आहे. त्यांना विचारायला हवे होते तेव्हा आपण विचारले नाही. निदान त्यांच्या नंतरच्या पिढ्यांच्या बाबतीत तरी असे होऊ नये, यासाठी हा पत्रप्रपंच.

संदेशवहनाचा वारसा म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर रंगीबेरंगी झेंडे येतात. त्या झेंड्यांमागची शिस्त मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. एका जहाजाने झेंड्यांची माळ चढवली की ती पाहणारे दुसरे जहाज आपला उत्तराचा लांबट झेंडा आधी निम्म्यापर्यंत चढवते. याचा अर्थ ‘संदेश दिसला’ एवढाच. संदेश उलगडून त्याचा अर्थ लागला की मगच तो झेंडा वरपर्यंत जातो. ताफ्यातल्या हालचालींच्या हुकमाची खरी घटका तर त्याही पुढची असते: मुख्य जहाजाने माळ खाली ओढली की त्याच क्षणी सर्व जहाजांनी एकदम वळायचे. त्या क्षणाला सिग्नलमनची नजर ढळली, तर शेजारून धावणारे जहाज अंगावर येण्याचा धोका. अक्षरांचे २६ झेंडे, आकड्यांचे लांबट झेंडे, आणि त्यांच्या जोडीला एकाच संचात तेच अक्षर पुन्हा लागले तर त्याच्या जागी चढवायचे बदली झेंडे, हे सगळे लाकडी कप्प्यांत ठरलेल्या जागी असत आणि भर पावसात, अंधारात, डोलणाऱ्या डेकवर हात न चाचपडता नेमका झेंडा बाहेर काढत असे. हे हाताचे ज्ञान पुस्तकात सापडत नाही.

झेंडे आणि दिव्याचा मोर्स (टिंब-रेघांची संदेशलिपी) बिनतारी यंत्रांच्या युगातही टिकून राहिले, त्याला ठोस कारण आहे. रेडिओवर बोलणारे जहाज आपली जागाही शत्रूला सांगत असते, कारण लहरी कोणत्या दिशेने आल्या हे शोधता येते. दिव्याची तिरीप मात्र ज्याच्याकडे रोखली, बहुतांशी त्यालाच दिसते. जेथे रेडिओ वापरल्यावाचून गत्यंतर नसते, तेथे वेगळी युक्ती लागते. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर चढाई केली, तेव्हा सोव्हिएत संघात प्रशिक्षण घेऊन आलेले आपले लोक आपापसांत रशियन भाषेत बोलत होते, ही हकीकत आता सर्वश्रुत आहे. विजयाची चर्चा क्षेपणास्त्रांभोवती होते, ते स्वाभाविक आहे. त्या रात्री कानाला यंत्र लावून बसलेल्या माणसांनी काय ऐकले, हेही तितकेच जपण्यासारखे आहे.

२०१३ च्या जुलैमध्ये आपली टपालखात्याच्या काळापासूनची तारसेवा बंद झाली, तेव्हा सगळ्या वृत्तपत्रांनी तिला जिव्हाळ्याने निरोप दिला. त्याआधी १ फेब्रुवारी १९९९ पासून उपग्रहांवर आधारलेली नवी संकटसंदेश व्यवस्था जगभर पूर्णपणे लागू झाली आणि व्यापारी जहाजांवरच्या मोर्सचे युग संपले. त्याबरोबर रेडिओ ऑफिसर हे पदही गेले. आपल्याकडच्या कितीतरी दर्यावर्दी मंडळींनी त्या पदावर आयुष्य काढले होते, तरी त्याची दखल क्वचितच कोणी घेतली. ‘बॉम्बे रेडिओ’ या किनाऱ्यावरच्या केंद्राची व्हीडब्ल्यूबी ही ओळखखूण ऐकू आली की घर जवळ आले असे वाटणारी ती माणसे होती. त्यांच्या केबिनमधल्या घड्याळावर दर तासाला १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांचे पट्टे लाल रंगाने रंगवलेले असत. त्या तीन-तीन मिनिटांत संकटाच्या लहरीवर सर्वांनी गप्प राहायचे आणि कुणा बुडणाऱ्याची क्षीण हाक येते का ते ऐकायचे, असा जगभरचा नियम होता.

आम्ही जुने संदेशवाहक वर्षातून एखाद्या वेळी एकत्र जमतो. मोर्स शिकताना आम्ही तो टिंब-रेघांनी नव्हे, कानाने शिकलो. पुढे पुढे अक्षरे वेगळी ऐकूच येत नाहीत, शब्दच्या शब्द कानावर येतो. गेल्या खेपेस आमच्यातल्या एका वयोवृद्ध चीफ पेटी ऑफिसरांना (त्यांना आता ऐकू फार कमी येते) कोणीतरी टेबलावर चमच्याने संदेश ठोकून दाखवला. त्यांनी टेबलावर पंजा सपाट ठेवला, बोटांनी तो वाचला आणि चूक काढली: “हात जड झालाय तुझा, ‘एल’ लांबवतोस.” प्रत्येक टेलिग्राफिस्टचा हात वेगळा असतो आणि नाव न सांगताही पलीकडे कोण बसले आहे ते ओळखू येते, हे तिथे बसलेल्या नातवंडांना पहिल्यांदाच कळले. अशा बैठकीत एकाला यंत्र आठवते, दुसऱ्याला वादळ, तिसऱ्याला त्या वॉचवरच्या (पाळीतल्या) सोबत्याचे नाव. एकेकट्याला विचारले तर यातले निम्मेही बाहेर येत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, या आठवणी एकेकट्या मुलाखतींतून नव्हे तर दोघा-तिघांना एकत्र बसवून, शक्य तेथे समोर मोर्सची ‘की’ (संदेश ठोकण्याची कळ) आणि सिग्नलचा दिवा ठेवून, मराठीत ध्वनिचित्रमुद्रित कराव्यात. सांकेतिक भाषा, लहरींचे क्रमांक, तैनातीचे तपशील हे गोपनीय ते गोपनीयच राहिले पाहिजे, आणि आमच्यापैकी कोणी ते सांगणारही नाही. प्रश्न कसबाचा आणि माणसांचा आहे. आपल्या विद्यापीठांतील इतिहास विभागांना हे काम सहज पेलण्यासारखे आहे, कारण त्यासाठी लागतो तो थोडा वेळ आणि प्रवासखर्च. कोकणपट्टीत, मुंबईत, पुण्यात आणि गोव्यात अशी माणसे गावोगाव आहेत. कुटुंबीयांनीही घरातली जुनी ‘की’, वह्या, छायाचित्रे भंगारात देण्याआधी वडीलधाऱ्यांना त्यांविषयी विचारून छायाचित्रांच्या मागे नावे, जहाज आणि साल लिहून ठेवावे. आपल्या वृत्तपत्राने येत्या फेब्रुवारीत उठावावरील लेखासोबत अशा माणसांची पत्रे मागवली, तर ती आपल्याकडे नक्की येतील; आमच्या गटाच्या वतीने पहिले पत्र पाठवण्याची जबाबदारी मी घेतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त नौसैनिक (संदेशवहन शाखा)
रत्नागिरी