धाकट्याच्या वाट्याला आलेला वाडा

प्रिय दादा,

वाड्याचा विषय फोनवर काढला की तू चिडतोस, म्हणून लिहितेय. काल आम्ही इथे अमेरिकेत शार्लटहून अॅशव्हिलला बिल्टमोर नावाचा वाडा बघायला गेलो होतो. रेल्वेवाल्या गडगंज घराण्यातल्या जॉर्ज व्हँडरबिल्टचं घर, १८९५ च्या नाताळात गृहप्रवेश, खोल्या २५० आणि फायरप्लेस ६५!! आपण एका बंबावर आख्खी दिवाळी काढायचो. तळघरात पोहायचा हौद आहे, पांढऱ्या टाइल्सचा, कोरडा ठणठणीत, कडेला धरायला दोर लोंबतात अजून, मला तर आपल्या मागच्या चौकातला हौदच आठवला आणि उगाच रडू आलं.

जॉर्ज १९१४ ला गेला, मग बायकोने ८७ हजार एकराच्या आसपास जंगल सरकारला विकलं, तेच आताचं पिस्गा जंगल. १९३० ला मंदीत घर तिकीट लावून लोकांना उघडलं. दुसऱ्या महायुद्धात वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीची चित्रं इथे लपवून ठेवली होती म्हणे, अपुऱ्या राहिलेल्या म्युझिक रूममध्ये.

पण मला सांगायचंय ते वाटण्यांचं. जॉर्जचे नातू दोघं. धाकटा बँकेतली नोकरी सोडून १९६० ला परत आला तेव्हा घर वर्षाला अडीच लाख डॉलर खात होतं, त्याने ते हळूहळू सावरलं. १९७९ ला वाटण्या झाल्या तर थोरल्याने डेअरी घेतली, कारण खरा पैसा तिथे, आणि घर धाकट्याकडे. म्हणजे वाटण्या झाल्या पण मधे भिंत नाही घातली कुणी! आजही घर त्याच घराण्याचं आहे.

आपल्याकडे तिकीट काढून कोळिष्टकं बघायला कोण येणार, ते मलाही कळतं. पण वाड्याचे चार हिस्से पाडून चौकात भिंत घालण्यापेक्षा काकांना नदीकडचं वावर देऊन टाकू ना, त्यांना पैसेच हवेत, माझा हिस्सा धर त्यात, मी सही करते. बाबांना हे तूच सांग, माझं ऐकून घेणार नाहीत ते.

आणि पावसाआधी ओसरीवरची कौलं चाळून घे, पैसे सोमवारी पाठवते. माजघरातल्या त्या तुळईला वाळवी कुठपर्यंत चढलीय त्याचा जवळून फोटो टाक, मागच्या वेळी नुसता तुझा अंगठा आला होता.

वहिनीला सांग, मेतकूट संपलं.

तुझी,
ताई नाही, छोटीच