सेन्योरा, तुमच्या वहीसाठी

प्रिय सेन्योरा,
सादर नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहितेय, कारण जे सांगायचंय त्याला माझं स्पॅनिश पुरत नाही. भेटाल तेव्हा मोडकंतोडकं का होईना, वाचून दाखवीन. तुमच्या लेकाला विचारूनच लिहितेय, नावगाव गाळून.

अकरा वर्षांनी तो कॅलिफोर्नियाच्या तुरुंगातून सुटला आणि तिसऱ्याच दिवशी तुम्ही त्याला आमच्या दवाखान्यात घेऊन आलात. मी नर्स, सवयीने तुम्हाला बाहेर बसवलं. त्याला विचारलं, इन्सुलिन किती घेतोस? तो गप्प. आत असताना खिडकीपाशी रांग लावायची आणि सुई दुसऱ्या कुणी टोचायची, एवढंच त्याला ठाऊक होतं. शेवटी त्यानं दाराकडे बोट दाखवलं. तुम्ही आत आलात आणि पर्समधून शाळकरी वही काढलीत. साखरेचे सकाळ-संध्याकाळचे आकडे, टोचलेली मात्रा, किती तोर्तिया, म्हणजे तुमच्याकडच्या पोळ्या, खाल्ल्या, सगळं टिपलेलं. नवऱ्याच्या मधुमेहात शिकलेलं तुम्ही लेकासाठी पुन्हा बाहेर काढलं होतंत. तुम्हाला बाहेर बसवलं, याची लाज मला अजून वाटते.

सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे किती नाजूक असतात हे मी अभ्यासात वाचलं होतं. वॉशिंग्टन राज्यात १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्यांत, त्या दोन आठवड्यांतला मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या १२.७ पट निघाला. सर्वाधिक बळी अमली पदार्थांच्या अतिमात्रेचे. तेच दोन आठवडे तुम्ही जमिनीवर गादी टाकून त्याच्या खोलीच्या दाराशी झोपलात. सरकारनं निघताना त्याच्या हातावर २०० डॉलर ठेवले होते. बाकीचं तुमच्या घरानं केलं: भावानं गाडी दिली, वहिनीनं फोन, तुम्ही स्वयंपाकघर.

नियमही हळूहळू बदलताहेत, ते सांगायला हवं. १९६५पासून गरिबांचा सरकारी विमा तुरुंगाच्या दाराशी जवळजवळ थांबायचा. जानेवारी २०२३मध्ये सुटकेआधीच्या ९० दिवसांत काही उपचार त्यातून देण्याची परवानगी कॅलिफोर्नियाला मिळाली, देशात सर्वांत आधी. त्याच महिन्यात राज्याच्या तुरुंगातले फोनही मोफत झाले. त्याआधी लेकाला "जेवलास का, मिहो, माझ्या लेकरा?" एवढं विचारायलाही तुम्ही पैसे मोजलेत. माझी आई कोल्हापुराहून फोनवर हेच विचारते. म्हणून तोंडानं सेन्योरा म्हणत असले तरी मनात तुम्ही कधीच्याच मावशी झालात.

नोपालची भाजी डब्यातून आणलीत, ती आमच्याकडच्या फड्या निवडुंगाची निघाली! गावाकडे आम्ही त्याचं कुंपण करतो. ती खाऊन साखर आटोक्यात येते असं मी म्हणणार नाही, इन्सुलिन सुरूच ठेवायचं. पण तुमच्या ताटात भात कमी आणि भाजी जास्त झाली, आणि तोही ताटावर बसून जेवू लागला. आधी तो उभ्यानंच, पाच मिनिटांत उरकायचा.

आता एक तक्रार. वहीत सगळ्यांची औषधं आहेत, तुमची नाहीत. त्याला आणण्यासाठी तुम्ही कामाच्या किती पाळ्या सोडल्यात, रात्री किती जागलात, हे आम्ही एकदाही विचारलं नाही. परवा तुमच्या बोटांना सूज दिसली. गुरुवारी तो येईल तेव्हा तुम्हीही आत या. आधी तुमचा रक्तदाब मोजणार आहे, आणि आकडा मी माझ्या हातानं वहीत लिहिणार आहे.

मनापासून आभार.

तुमची,
दवाखान्यातली नर्स