ॲपमधले एकच शरीर पुरेसे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मूलभूत शरीररचनाशास्त्र पदव्युत्तर पातळीवर ऑनलाइन शिकवावे की नाही, हा वाद दर वेळी एकाच ठिकाणी अडतो: शवविच्छेदनाशिवाय हा विषय कळेल का? ज्यांना पुढे शस्त्रक्रिया करायच्या आहेत त्यांना कळणार नाही, हे उघड आहे. पण या वर्गांत बसणाऱ्यांपैकी कोणी कृत्रिम पाय बनवतो, कोणी एमआरआय वाचणारे सॉफ्टवेअर लिहितो. अशांना मी ऑनलाइन शिकवते आणि ते चांगले शिकतात. माझी तक्रार आहे ती आपण त्यांना दाखवतो त्या शरीराबद्दल.

शरीररचना शिकवणाऱ्या ॲपमध्ये रोहिण्या लाल, नीला निळ्या, नसा (मज्जातंतू) पिवळ्या, चरबीचा कण नाही. स्नायूवर क्लिक केले की तो गायब, पुन्हा क्लिक केले की हजर. खऱ्या विच्छेदनात बराचसा वेळ चरबी आणि आवरणे बाजूला करण्यातच जातो, आणि हाती लागलेली बारीक दोरी नस की रक्तवाहिनी हे चाचपून ठरवावे लागते. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने ‘व्हिजिबल ह्यूमन’ प्रकल्पात १९९४ मध्ये एका पुरुषाच्या देहाच्या १ मिलिमीटर अंतराने घेतलेल्या छेदांच्या प्रतिमा खुल्या केल्या, १९९५ मध्ये एका स्त्रीच्या, ०.३३ मिलिमीटर अंतराने. काम अफाटच होते, आणि पुढे कितीतरी त्रिमितीय मॉडेल्स त्यावरून तयार झाली. पण माणसे दोनच.

मध्यंतरी मी वर्गात सगळ्यांना कॅमेऱ्यासमोर हात धरायला लावले. अंगठा करंगळीला टेकवून मनगट किंचित आत वाकवले की मधोमध एक कंडरा (स्नायूला हाडाशी वगैरे जोडणारी दोरी) वर उठते, पामॅरिस लाँगस या स्नायूची. काहींची लगेच दिसली, काहींची एकाच हाताला, तर काहींची दिसेचना. त्यातला एक जण घाबरून म्हणाला, “मॅडम, ॲपमध्ये तर आहे!” हा स्नायू कित्येकांना जन्मतःच नसतो. त्यावाचून पकडीचे फारसे अडत नाही. म्हणूनच दुसरीकडे कंडरा बसवायची झाली तर शल्यविशारद बहुधा हीच काढून घेतात. स्वतःच्या हातापेक्षा पुस्तकावर भरवसा ठेवण्याची ही खोड तशी जुनीच. प्राचीन ग्रीक वैद्य गेलनने सांगितलेला दोन हाडांचा खालचा जबडा हजारावर वर्षे पाठ केला गेला. तो एकच हाड आहे हे शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसॅलियसने १५४३ मध्ये छापून दाखवले. असो. त्या दिवशी पुढचा धडा राहूनच गेला, सगळे घरातल्यांची मनगटे तपासत बसले होते.

परीक्षा मात्र अजून बाणांचीच. चित्रावर बाण, खाली चार पर्याय, उत्तर शेजारच्या टॅबमध्ये. त्याऐवजी कॅमेऱ्यासमोर तोंडी परीक्षा का घेऊ नये? उरोस्थीवरचा, म्हणजे छातीच्या मधल्या हाडावरचा, उंचवटा शोध, तिथे दुसरी बरगडी जोडलेली असते, आता खाली मोजत ये. तळहात पालथा कर आणि मनगटाशी बोटे ठेवून सांग, कोणते हाड फिरले, कोणते जागेवर राहिले? कोपराची आतली बाजू आपटली की झिणझिण्या करंगळीकडे जातात, अंगठ्याकडे का नाही? अल्नर नसेचा मार्ग ज्याला कळला आहे तोच याचे उत्तर देईल. यासाठी मृतदेह लागत नाही, शिक्षकाचा वेळ लागतो. बाणांचे पेपर संगणक फुकटात तपासतो, खरी अडचण तिथे आहे; सांगताना तिला ‘तांत्रिक मर्यादा’ म्हणायचे.

आणखी एक. जे पुढे रुग्णाच्या अंगात सुई घालणार आहेत त्यांनाही ‘व्हर्च्युअल डिसेक्शन’ (पडद्यावरचे विच्छेदन) या नावाखाली प्रवेश दिले जातात. प्रत्यक्ष प्रयोगशाळेतले दिवस अभ्यासक्रमात आहेत की नाहीत, असल्यास किती, हे शुल्क भरण्याआधी माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापणे संस्थांना बंधनकारक करावे.

आपली,
शरीररचनाशास्त्राची एक शिक्षिका