कर्ज दिलं कंपनीनं, धावायचं आत्यानं?

संपादक महोदय,
स. न.

कालच्या पुरवणीतला क्रेडिट रिपोर्टवरचा, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदींवरचा लेख वाचला. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशी हा रिपोर्ट बनवणाऱ्या चारही कंपन्यांची नावं दिलीत ते चांगलं केलंत, नाहीतर आपल्याकडे लोकांना एक सिबिलच माहीत. पण त्यापुढे सगळा लेख नागरिकांनी सावध राहावं, ओटीपी सांगू नये, लिंक उघडू नये, यातच संपला. माझ्या आत्याला ना ओटीपी आला ना लिंक आली, तरी तिच्या नावावर कर्ज निघालं, त्याचं काय?

आत्या सहकारनगरला असते, शाळेतून रिटायर झालेली, आयुष्यात हप्त्यावर साधा मिक्सर घेतला नाही तिनं. नातीच्या एज्युकेशन लोनला सहअर्जदार म्हणून सही करायला बँकेत गेली तर तिथले साहेब म्हणाले, आजी तुमच्या नावावर मोबाइलचं कर्ज थकलंय. रिपोर्ट काढून बघितला तर कुठलीतरी फायनान्स कंपनी, शहर भलतंच, पत्ता भलता, मोबाइल नंबरही दुसऱ्याच कुणाचा, आत्याचं म्हणावं असं फक्त नाव, जन्मतारीख आणि पॅन नंबर. तिला बिचारीला त्या केबिनमध्ये चार लोकांसमोर कर्जबुडवी असल्यासारखं वाटलं, घरी येऊन ती जेवली नाही.

मग सुरू झाली फिराफिरी. फायनान्स कंपनी म्हणते आधी एफआयआर आणा. चौकीत म्हणतात तुमच्या खात्यातून पैसे गेलेत का, नाही ना, मग तुमचं नुकसान काय झालं. अहो, दुसऱ्याची ओळख वापरून फसवणं हा आयटी कायद्याच्या ६६ सी कलमाखाली सरळ गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे त्याला, हे आम्ही सांगायचं? रिपोर्ट बनवणारी क्रेडिट कंपनी म्हणते आम्ही परस्पर काही बदलू शकत नाही, कर्ज देणाऱ्यानं कळवलं तरच नोंद निघेल. आणि कर्ज देणारी कंपनी काय मागते, तर आधार आणि पॅनची कॉपी ईमेलवर पाठवा! ज्या कागदांमुळे हे झालं तेच परत अनोळखी ईमेलवर टाकायचे. मला त्या दिवशी इतका संताप आला की फोनवर आवाज चढला माझा, आणि तो चढायलाच हवा होता. कर्ज देताना समोर कोण उभंय ते यांनी पाहिलं नाही आणि ती मी नव्हेच हे सत्तरीच्या बाईनं सिद्ध करायचं.

लेखात म्हटलंय की कुणी तुमचा रिपोर्ट पाहिला की एसएमएस येतो. येतो, पण रेकॉर्डला जो नंबर असेल त्यावर. आत्याच्या रिपोर्टला त्या चोराचाच नंबर लागला होता, मग अलर्ट कुणाला जाणार? म्हणून रिपोर्ट काढल्यावर नुसता स्कोअर बघून गप्प बसू नका, त्यातला पत्ता, फोन नंबर आणि एन्क्वायरीचा भाग वाचा, कुणी कुणी तुमच्या नावावर कर्जासाठी चौकशी केली ते तिथे दिसतं. प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, चार कंपन्या आहेत, दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवला की वर्षभर नजर राहते. हे लेखात यायला हवं होतं.

आणि मुख्य गोष्ट तर लेखात एका ओळीनंही नाही. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम काढलाय, एप्रिल २०२४ पासून लागू आहे, रिपोर्टमधल्या चुकीची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची. त्यातले २१ दिवस कर्ज देणाऱ्याला उत्तरासाठी. आम्हाला हे ना कंपनीनं सांगितलं ना बँकेनं, भाच्याच्या सीए मित्राकडून कळलं. तोवर नातीच्या फीची तारीख आली होती, आत्यानं एफडी मोडून पैसे भरले.

पॅन कुठून गेला ते आजवर कळलेलं नाही. पुण्यात वन बीएचके भाड्यानं द्यायचा घ्यायचा तरी एजंट आधार, पॅन सगळं व्हॉट्सअॅपवर मागतो, लॉजवाला झेरॉक्स ठेवून घेतो, सिमकार्डाच्या दुकानात कागद टेबलावर पडलेले असतात. शेवटचे चार आकडेच दिसणारं मास्क्ड आधार चालत असताना पूर्ण कॉपीचा हट्ट कशाला? यावर लिहा की.

अजून एक, रागावू नका पण बोलणारच. सावध राहा सांगणाऱ्या त्याच अंकात पहिल्या पानावर पाच मिनिटांत लोन, फक्त पॅन पुरे अशी मोठी जाहिरात. फक्त पॅन पुरे, हेच तर आत्याच्या बाबतीत झालं! जाहिरात छापताना कुणी वाचत नाही का?

आत्याची नोंद अखेर निघाली. उशिराच्या दिवसांची भरपाई अजून मिळालेली नाही, आम्ही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकलीये आणि ती सोडणार नाही. पुढच्या वेळी तज्ज्ञांना लिहायला सांगाल तेव्हा त्यांना एवढं विचारा, की खोट्या माणसाला कर्ज देणाऱ्या कंपनीला आजवर काय शिक्षा झाली.

आपली,
एक जुनी वाचक, कोथरूड, पुणे